पाद्र्याच्या दाढीची बिअर

सॉल्टिंगहॅम, नॉरफोक
१४ सप्टेंबर २०१३

प्रिय मिस्टर लार्टर,

मी रोझमंड. विल्फ्रेड गॅरडची मुलगी. तुम्ही आमच्या बिअरच्या भट्टीवर जवाला मोड आणायचं काम करायचात, तेव्हा मी त्या ओल्या जवात लोळायची आणि तुम्ही मला लाकडी फावड्यानं हुसकून लावायचात. आता मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. हुसकणारं कुणी उरलेलं नाही. माझ्या नवऱ्याला, डेरेकला, जाऊन चार वर्षं झाली.

तुमचा पत्ता चर्चच्या जुन्या वहीत सापडला. तुमच्या पत्नी एनिडबाई गेल्याचंही तिथेच कळलं. सहा वर्षांनी सांत्वन करणं बरं दिसत नाही, तरी करते.

कामाचं सांगते. बाबांच्या ‘पेल एल’ बिअरसाठी जो जव वापरायचे, ज्याला गावात सगळे ‘पाद्र्याची दाढी’ म्हणायचे, तो मी परत उगवलाय. जुनी बियाणी जपणाऱ्या एका संस्थेनं मला मूठभर दाणे दिले. पहिल्या वर्षी परसात पेरले, मग कोबीच्या वाफ्यात, मग शेतकरी नायजेल बनच्या एक एकरात. ती लांब कुसळं वाऱ्यावर हलताना बघितलीत तर रडाल. गेल्या वर्षीच्या पिकाला मी शेडच्या फरशीवर स्वतः मोड आणले, आणि बाबांच्या वहीतल्या मापानं बिअर केली. तीच हॉप्सची कडू फुलं, तीच विहीर.

पण ही तीच आहे का, हे सांगणार कोण? बाबांनी माझ्या दहाव्या वाढदिवसाला ग्लासावरचा फेस बोटावर घेऊन मला चाटायला दिला होता. तेवढीच माझी आठवण. ती चव मी अठ्ठेचाळीस वर्षं शोधतेय. पिणारे सगळे गेले. तुम्ही आहात.

तीन बाटल्या पाठवतेय. दोन दिवस उभ्या ठेवा, मग उघडा. नायजेल म्हणतो, लार्टर हो म्हणाले तर मार्चमध्ये आठ एकर पेरतो, नाही म्हणाले तर गुरांच्या चाऱ्याला मोकळं रान. बाबा सांगायचे, ‘‘लार्टर ‘चालेल’ म्हणाला की समजावं, जमली.’’

मला फक्त खरं सांगा.

तुमची,
रोझमंड

*

बर्नहेवन, नॉर्थम्बरलंड
३० सप्टेंबर २०१३

प्रिय रोझी,

बाटल्या शाबूत पोचल्या. तुझं अक्षर वडिलांसारखंच आहे, ओळ संपत आली की वर चढतं.

मी मजेत आहे. इथे समोर समुद्र, मागे मेंढ्या. शेजारी स्टोरी म्हणून एक म्हातारा राहतो, जन्मभर मासेमारीच्या बोटीवर होता. गेल्या आठवड्यात दार बडवत आला, म्हणे, ‘‘तुझ्या घरातून धूर येतोय!’’ तव्यावर पाव राहिला होता. एवढंच. माणसं उगाच घाबरतात.

आता तुझी बिअर. अप्रतिम. रंग मधासारखा, फेस दाट, टिकणारा. चवीला भरदार, संतुलित, शेवटी सुखद कडवटपणा. जुन्या जवाचा सुगंध पहिल्याच घोटात मन मोहून टाकतो. तुझ्या वडिलांची हुबेहूब तीच. डोळे मिटून सांगतो.

नायजेलला सांग, पेर म्हणावं.

तुझा,
अँब्रोज लार्टर

ता. क. ते ‘मिस्टर’ काढून टाक. मला पगार देणारं आता कुणी नाही.

*

सॉल्टिंगहॅम
८ ऑक्टोबर २०१३

प्रिय मिस्टर लार्टर (नाही निघत, बाबांनी लावलेलं वळण आहे),

तुमचं पत्र मी फाटकातच उभी राहून वाचलं. पोस्टमन म्हणाला, ‘‘वाईट बातमी का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही रे, लॉटरी लागली.’’ तो बिचारा अजून बघतोय माझ्याकडे.

नायजेलला पत्र दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं. ‘‘ठीक आहे, आठ एकर. म्हाताऱ्यानं फसवलं तर त्यालाच नांगराला जुंपीन,’’ म्हणाला. ही त्याची शाबासकी.

‘ग्रे हेअर’ पबमध्ये शनिवारी, दोन नोव्हेंबरला, पहिलं पिंप फोडायचं ठरलंय. मी तुमचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून लावणार: ‘हुबेहूब तीच. – अँब्रोज लार्टर, गॅरड भट्टी’. तुम्ही या ना. वरची खोली रिकामी आहे. स्टेशनवर घ्यायला येईन. पहिला ग्लास तुमच्याच हातात द्यायचाय.

याल ना?

रोझमंड

*

बर्नहेवन
१७ ऑक्टोबर २०१३

प्रिय रोझी,

यायला जमणार नाही. गुडघे साथ देत नाहीत, आणि गाडी तीनदा बदलावी लागते. माझं नाव लावू नकोस. वाक्य लावायचंच तर नावाशिवाय लाव. खरं तर वाक्यही नको.

लोकांना त्यांच्या जिभेनं ठरवू दे.

अँब्रोज

*

सॉल्टिंगहॅम
४ नोव्हेंबर २०१३

मिस्टर लार्टर,

शनिवारी चाळीस माणसं आली होती. तुमचं वाक्य लावलं होतं, नावासकट. तुम्ही भिडस्त आहात म्हणून नको म्हणताय असं मला वाटलं.

पिंप फोडलं. पहिला ग्लास नायजेलला दिला. त्यानं घोट घेतला, थांबला, माझ्याकडे बघितलं आणि ग्लास हळूच काउंटरवर ठेवला. नायजेल बन, जो पडलेलं सफरचंदही पुसून खातो. मग बाकीच्यांनी चाखली. शेवटी डॉरिस ऑलडस बोलली, ‘‘रोझमंड बाई, वास दवाखान्यातल्या जखमेवरच्या औषधासारखा येतोय गं.’’ कुणीतरी हसलं. बाकीचे हसले नाहीत, ते जास्त लागलं.

खरंच येत होता. मी घरी येऊन बाटल्या उघडत सुटले. तुम्हाला पाठवल्या त्याच घाण्यातल्या एकूण एक. सगळ्यांना तोच वास. हवेतलं कसलं तरी रानटी यीस्ट शिरलं होतं. तुम्ही उघडली तेव्हा बिअर घालून दोन महिने झाले होते, म्हणजे तेव्हाही वास असणारच. चूक माझी. नळी नीट उकळली नसेल. मी रोज चाखत राहिले, त्यामुळे नाकाला सवय झाली, आणि ‘हुबेहूब तीच’ वाचल्यावर तर नाकाला विचारायचंच सोडून दिलं.

पण तुम्ही? तुमचं पत्र समोर ठेवून बसलेय. ‘भरदार’, ‘संतुलित’, ‘सुखद’. हे तुमचे शब्दच नाहीत. दुकानातल्या बाटलीमागे छापलेले असतात तसले आहेत. तुम्ही बाटली उघडलीत तरी का? की एक घोट घेऊन मोरीत ओतलीत आणि म्हटलंत, विल्फ्रेडची पोर आहे, विधवा आहे, दोन गोड शब्द लिहू?

गोड बोलणारे मला पुष्कळ आहेत. डेरेक गेल्यापासून अख्खं गाव माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलतं. माझा केक बसला तरी छान, माझा आवाज चिरकला तरी छान. म्हणून तर तुम्हाला शोधलं. वाटलं, एक माणूस असा आहे जो फावडं उचलेल.

नायजेल आता पेरणीचं नाव काढत नाही.

रोझमंड गॅरड

*

सॉल्टिंगहॅम
१९ डिसेंबर २०१३

प्रिय मिस्टर लार्टर,

मागचं पत्र मी रागात टाकलं. शब्द मागे घेत नाही, पण सूर घेते. दीड महिना झाला, तुमचं उत्तर नाही. बरे आहात ना? नुसतं ‘बरा’ लिहून पाठवलंत तरी चालेल.

नाताळच्या शुभेच्छा.

रो.

*

बर्नहेवन
२६ जानेवारी २०१४

प्रिय रोझी,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं.

बाटली उघडली होती. तिन्ही उघडल्या. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. औषधाचा वास आला नाही, कारण मला कसलाच वास येत नाही.

गेल्या फेब्रुवारीत पायरीवरच्या बर्फावरून घसरलो आणि डोकं मागून दगडावर आपटलं. टाके पडले. आठ दिवसांनी चहा पिताना लक्षात आलं की हा चहा नाही, नुसतं गरम पाणी आहे. डॉक्टर म्हणाला, ‘‘वासाची नस तुटली असेल. येईल परत, किंवा येणार नाही.’’ आली नाही. जिभेला कडू कळतं, गोड कळतं, खारट, आंबट कळतं. पण ते मागच्या गल्लीतून जाणाऱ्या बँडसारखं. ढोल तेवढा ऐकू येतो. स्टोरीनं दार बडवलं त्या दिवशी स्वयंपाकघर काळं झालं होतं आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी कनवाळू बाई येऊन म्हणाली असती की गॅस बंद करायचं कळत नाही तर आता वृद्धाश्रमात चला. आणि दुसरं कारण. बावीस वर्षांचा असल्यापासून मी कोण होतो? ज्याचं नाक चुकत नाही तो लार्टर. फरशीवर कुठल्या कोपऱ्यातला जव आंबायला लागलाय ते मी दारातून सांगायचो. भट्टी बंद झाल्यापासून पहिल्यांदा कुणी माझ्या नाकाला पत्र लिहिलं होतं. त्याला कसं सांगू की तो माणूस इथे राहत नाही?

तुझी दया आली म्हणून खोटं लिहिलं नाही. मला तुझी दया नको होती, म्हणून लिहिलं. शब्द खरंच बाटलीमागचे होते. दुसऱ्या एका बिअरची बाटली घरात पडली होती, तिच्यावरून उतरवले. चाळीस माणसांसमोर तुला उभं केलं ते मी. माफी मागायची लायकी नाही, तरी मागतो.

सगळ्यात वाईट बिअरचं नाही. एनिडचा निळा स्वेटर कपाटात आहे. रोज नाही, पण रविवारी दार उघडून उभा राहायचो. आता ती नुसती लोकर आहे.

तुला खरं हवं होतं. मग आणखी एक घे, हे तर पन्नास वर्षांचं आहे.

तुझ्या वाढदिवसाचा तो फेस पाद्र्याच्या दाढीचा नव्हता. तो जव वारा-पावसात आडवा व्हायचा, पीक निम्मं यायचं. एकेक शेतकरी सोडत गेला. १९६३ च्या हंगामापासून तुझ्या वडिलांनी गुपचूप नवा जव घ्यायला सुरुवात केली. पाटीवर जुनंच नाव ठेवलं. फक्त मला माहीत होतं. तू दहा वर्षांची झालीस १९६५ मध्ये.

तू विचारशील, फरक होता का? होता. थोडासा. तो काय होता हे मी लिहिणार नाही, लिहिलं तर तो तुझ्या डोक्यात बसेल आणि मग तुला सगळीकडे तोच सापडेल. पण होता. पहिलं पिंप गेलं त्या शनिवारी तुझे वडील आणि मी ‘ग्रे हेअर’च्या कोपऱ्यात बसून वाट बघत होतो. कुणीतरी ग्लास खाली ठेवेल, म्हणेल, ‘‘विल्फ्रेड, काय बदललंस रे?’’ मग ते कबूल करणार होते. एकही माणूस बोलला नाही. सगळे पीत होते, हसत होते, आणखी मागत होते. तुझे वडील बाहेर पडताना मला म्हणाले, ‘‘अँब्रोज, इतकी वर्षं आपण दोघंच पीत होतो.’’

भट्टी बंद झाली तीन वर्षांनी. माझ्या लेखी ती त्या शनिवारी बंद झाली.

आता काय करायचं ते तू ठरव. मला विचारू नकोस. मला विचारण्यासारखं काही उरलेलं नाही.

अँब्रोज

*

सॉल्टिंगहॅम
२३ फेब्रुवारी २०१४

प्रिय अँब्रोज,

‘मिस्टर’ गळून पडलं बघा.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी बाबांच्या फोटोशी भांडले. मोठ्यानं. कुत्रा टेबलाखाली गेला. पाच वर्षं मी मातीत हात घालून कुणाची चव शोधत होते? ज्या जवाला बाबांनी स्वतः हात जोडून निरोप दिला होता त्याची! आणि मला बोटावर चाटवताना ते काही बोलले नाहीत. नुसते बघत होते माझ्याकडे. मी म्हटलं होतं, ‘‘छान आहे,’’ आणि त्यांनी तोंड फिरवलं होतं. मला वाटायचं आनंदानं.

त्यांना तेव्हा तुम्ही तरी होतात. तुम्हाला कुणीच नाही. वर्षभर बेचव जेवताय आणि मला लिहिताय ‘मी मजेत आहे’. तुमच्यावर रागवायचं म्हणून बसले होते, जमलं नाही.

बातमी सांगते. जानेवारीत मी पुन्हा घाणा घातला. सगळ्या नळ्या नव्या, पिंपं दोनदा उकळलेली. एका पिंपात पाद्र्याची दाढी, दुसऱ्यात हल्लीचा जव, बाकी सगळं सारखं. मागच्या मंगळवारी दुपारी शेडमध्ये दोन्ही ग्लास घेऊन बसले. दोन्हींत कसला दोष नाही. दाढीची मला अनोळखी वाटली. माझ्या आठवणीतली मुळीच नाही, आणि तुमच्यामुळे कळलं की का नाही. थोडा वेळ फार रितं वाटलं. अठ्ठेचाळीस वर्षं ज्याची वाट बघितली ते गाडीतून उतरावं आणि दुसरंच कुणी निघावं, तसं. मग तहान लागली होती म्हणून पुन्हा प्यायले. आणि पुन्हा. अँब्रोज, ती चांगली आहे. कुणासारखी नाही, पण चांगली आहे.

नायजेलला दोन्ही दिल्या. म्हणाला, ‘‘एकच आहे की दोन्ही. चेष्टा करतेस का?’’ मी म्हटलं, ‘‘तुला नसेल कळत, मला कळतं.’’ तो डोकं खाजवत म्हणाला, ‘‘मग आठ नाही, दोन एकर. तुझ्या हट्टापायी. आडवा झाला तर मला ऐकवायचं नाहीस.’’ पंधरा मार्चच्या सुमारास पेरणार.

तुमच्यासाठी दाढीच्या दोन बाटल्या पाठवतेय. अभिप्राय नको. उगाच, घरात असाव्यात म्हणून. वाटलं तर फुलदाणी करा.

तुमची,
रोझी

*

बर्नहेवन
११ मार्च २०१४

प्रिय रोझी,

फुलदाणी केली नाही. काय केलं ते क्रमानं सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे.

बाटल्या तीन दिवस ओट्यावर उभ्या होत्या. येता-जाता बघत होतो. काल दुपारी एक काखेत मारली, दोन ग्लास घेतले आणि स्टोरीचं दार वाजवलं. सहा वर्षांत मी त्याचं दार वाजवलेलं नाही. मान हलवायची, हवा खराब आहे म्हणायचं, संपलं. तो बनियनवर बाहेर आला.

‘‘काय पेटलं आता?’’

‘‘काही नाही. बिअर आणलीय. तुला चाखायचीय.’’

‘‘मला काय कळतंय त्यातलं? मी काय मिळेल ते पितो.’’

‘‘म्हणूनच,’’ मी म्हटलं.

त्याच्या स्वयंपाकघरात बसलो. माझ्या घरासारखंच निघालं. एक खुर्ची झिजलेली, एक नवीकोरी. मी ओतली. रंग, फेस, हे मला अजून दिसतं आणि ते चोख आहे, एवढं मी शपथेवर सांगतो. दोन्ही ग्लास त्याच्यासमोर ठेवले.

‘‘तू नाही घेत?’’

तेव्हा सांगितलं त्याला. पायरी, दगड, डॉक्टर, सगळं. तोंडानं पहिल्यांदाच सांगत होतो. लिहिण्यापेक्षा लवकर संपलं. त्यानं हळहळ वगैरे काही केली नाही. टेबलावर बोटं वाजवली आणि म्हणाला, ‘‘बरं. मग मला काय करायचंय ते नीट सांग. चुकीचं काम मला खपत नाही.’’

मी म्हटलं, ‘‘घोट घे. मनात येईल ते बोल. बरोबर-चूक काही नाही.’’

प्यायला. ‘‘बिअर आहे,’’ म्हणाला.

‘‘पुढे?’’

‘‘कडू. पण ओरखडत नाही. गवताची गंजी असते ना उन्हात, तिच्या कडेनं गेल्यासारखं. आणि पावाची कड. थोडी करपलेली. तुझ्या त्या दिवशीच्या पावाइतकी नाही.’’

मी लिहून घेत होतो. तुझ्या वडिलांच्या वेळी घ्यायचो तसंच, पाठकोऱ्या कागदावर.

त्यानं दुसरा घोट घेतला, गिळला, ग्लास खाली ठेवला. खिडकीतून बघत बसला. मी काहीही विचारलं नाही. एक शब्दही नाही, हे ध्यानात ठेव. बराच वेळ गेल्यावर त्यानं भुवया वर केल्या.

‘‘अरे, हे परत आलं.’’

‘‘काय परत आलं?’’

‘‘गेलं होतं. गिळलं, संपलं. आता श्वास घेतला तर परत आलं. आधीचं नाही, वेगळंच. गोडसर. लहानपणी आई ओट्सच्या भाकऱ्या चुलीशेजारी टेकवून ठेवायची, आपण दार उघडून आत आलो की...’’ तो थांबला. ‘‘हे काय घातलंय यात?’’

रोझी, तुझे वडील याला ‘वळून बघणं’ म्हणायचे. घोट निघून जातो, आणि दहा आकडे मोजावेत इतक्या वेळानं वळून बघतो. नव्या जवात ते नव्हतं. तो जो थोडासा फरक मी तुला लिहिला नव्हता, तो हाच. त्या शनिवारी अख्ख्या पबमध्ये तो कुणाच्या लक्षात आला नाही, आणि काल एका मासेमारानं, न विचारता, मला सांगितला.

तीच आहे. आता हे माझं वाक्य आहे, हवं तर नावासकट लाव. पण स्टोरीचंही नाव लाव. मॅथ्यू स्टोरी, इंग्रजीत दोन ‘टी’ घालून. मला ते काल कळलं.

मग मीही एक घोट घेतला. थंड होता, कडू होता. गिळून वाट बघितली. दहा मोजले, वीस मोजले. काही आलं नाही. येणार नव्हतंच. स्टोरी माझ्या तोंडाकडे बघत होता. त्यानं माझा ग्लास स्वतःकडे ओढला आणि म्हणाला, ‘‘थांब. या वेळी हळू पितो. तू लिही.’’

दुसरी बाटली त्यानं उद्यावर ठेवलीय. म्हणतो, दुपारी नीट जेवून बसतो, रिकाम्या पोटी शब्द सापडत नाहीत.

तुझा,
अँब्रोज